गोलाईच्या मॉडेलमध्ये माणसं

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मधोमध गोल दुमजली इमारत आणि जगदंबेचं मंदिर, भोवती गोल रस्ता, आणि त्या रस्त्याला चहूबाजूंनी येऊन मिळणारे तब्बल १६ रस्ते. १९१७ साली उभी राहिलेली ही रचना नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. सोनं एकीकडे, कापड दुसरीकडे, चपला, मिरची, गूळ आपापल्या जागी. आजूबाजूच्या खेड्यांतून माणूस एसटीनं उतरतो आणि बाजार करायला इथंच येतो. म्हणजे ही जागा मुळात पायी फिरणाऱ्यांची आहे.

मी वाहतूक नियोजनात काम करतो. गोलाई आणि तिथून हनुमान चौक, गांधी चौकाकडे जाणारा रस्ता एकेरी केला तर कोंडी सुटेल का, हे कॉम्प्युटरवर तपासून द्यायचं काम आमच्याकडे आलं होतं. त्यासाठी आम्ही सुमो हे सॉफ्टवेअर वापरतो. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेनं ते विकसित केलं असून २००१ पासून ते सगळ्यांना मोफत वापरता येतं. रस्त्यांचं जाळं आखायचं, मोजणीतले आकडे भरायचे, की पडद्यावर एकेक दुचाकी, ऑटो, टेम्पो पळायला लागतो.

गाड्यांचं मॉडेल तयार होतं. अडचण अशी की त्यातल्या गाड्या फार सुखानं पळत होत्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी गोलाईवरून स्कूटर काढून बघा, पाय टेकत टेकतच हनुमान चौक गाठावा लागतो. पडद्यावर तीच स्कूटर भुर्रकन निघून जायची. अशा वेळी आमच्या धंद्यात सर्रास एक उपाय करतात. गाड्यांचा कमाल वेग हातानं कमी करत जायचं, मोजणीशी आकडा जुळला की थांबायचं. या मॉडेलमध्येही आधी तेच केलं होतं, पण मला हे कधीच पटलेलं नाही. आकडा जुळतो, पण गाडी का अडली ते कळत नाही. आणि जे मॉडेल आज गाडी का अडते हे सांगू शकत नाही, ते उद्या एकेरी केल्यावर काय होईल हे कशाच्या बळावर सांगणार?

पायी चालणारे त्यात घालू द्या, असं मी म्हटलं होतं. काम देणाऱ्या कार्यालयातून उत्तर आलं, "पादचाऱ्यांचं नंतर बघू, आधी गाड्यांचं दाखवा." बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी ठरवलं, आजच घालायचे.

सुमोमध्ये फुटपाथ अंदाजानं टाकून घेण्याची सोय आहे. ज्या रस्त्यांचा वेग ढोबळमानानं ताशी २० ते ५० किलोमीटरच्या मधला, त्या सगळ्यांना ती दोन्ही बाजूंनी २ मीटरचा फुटपाथ जोडून टाकते. मी ती आज्ञा दिली आणि क्षणात सगळ्या बाजारपेठेला सलग, मोकळे फुटपाथ मिळाले. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की मला बसवेना. मेजरिंग टेप घेतला, सर्व्हेच्या पोराला मागे बसवलं आणि गोलाईवर गेलो.

कापड लाइनच्या तोंडाशी टेप लावला तसा एक दुकानदार लगबगीनं बाहेर आला. "काय मोजायलाव सर? तोडायला आलाव का?" म्हटलं, नाही भाऊ, माणसाला चालायला किती जागा उरलीय ती मोजतोय. त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यानंच टेपचं दुसरं टोक धरलं. फुटपाथ होता, नाही असं नाही. भिंतीपासून निघालं की आधी दुकानाची पायरी, पायरीपुढे साड्या नेसवलेले पुतळे, त्यांच्यापुढे आडव्या लावलेल्या दुचाकी. पुतळा आणि दुचाकीच्या हँडलमध्ये जेमतेम दोन फूट. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर बिनअडथळ्याची रुंदी सांगितलीय, म्हणजे सहा फुटांच्या आसपास. एवढा मोकळा फुटपाथ त्या टप्प्यात कुठेच लागला नाही.

आम्ही मोजत असताना एक आजीबाई आल्या. डोक्यावर गाठोडं, हाताला नात. त्या फुटपाथकडे वळल्याच नाहीत. कडेच्या दुचाक्यांच्या बाहेरून, सरळ रस्त्यातून चालत होत्या. मागून ऑटो आला, हॉर्न वाजवला, त्यांनी नातीला आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि चाल तीच ठेवली. ऑटो त्यांच्या मागे चालीच्या वेगानं सरकत राहिला आणि ऑटोच्या मागे सगळी रांग. मी विचारलं, "आजी, वरून का नाही चालत?" त्या थांबल्या नाहीत, जाता जाताच म्हणाल्या, "वर जागा कुठंय बाबा? आन् पोरगी हँडलाला अडकती."

मॉडेलमधली हरवलेली कोंडी ती हीच. गाडीचा वेग ऑटोवाला ठरवत नव्हता, आजीबाईंची चाल ठरवत होती. आणि त्यांना रस्त्यात उतरवलं होतं त्या दोन फुटांनी.

परत येऊन मोजलेल्या रुंद्या भरल्या. सुमो फुटपाथचे उभे पट्टे पाडतो, प्रत्येक साधारण ६५ सेंटिमीटरचा, एका माणसाच्या खांद्याएवढा. दोन फुटांत एकच पट्टा बसतो. मॉडेल चालवलं तर समोरासमोर आलेली माणसं थबकून उभी राहिली आणि ठरावीक वेळानं एकमेकांच्या आरपार निघून गेली. सगळं जाळं अडकून पडू नये म्हणून प्रोग्रामात तशी सोय ठेवलेली आहे. पण मला त्यात दुसरंच दिसलं. या माणसांना खाली उतरणं माहीतच नव्हतं. फुटपाथ दिला की ती फुटपाथवरच राहणार, आरपार जावं लागलं तरी बेहत्तर. ज्या गावात फुटपाथ मोकळे असतात तिथं हे गृहीतक चालतं, गोलाईत चालत नाही.

मग मी जिथं मोकळी जागा एका माणसालाही धड पुरत नव्हती तिथला फुटपाथ नकाशातून काढूनच टाकला आणि डावीकडच्या लेनवर पायी चालणाऱ्यांना परवानगी दिली. अशी मिश्र लेन केली की मागची गाडी माणसाला पाहून वेग कमी करते. हे करताना हात जड झाला होता. फुटपाथ बांधा म्हणून वर्षानुवर्षं बोलणारा माणूस मी, आणि स्वतःच पुसत होतो. पण कागदावर आहे म्हणून मॉडेलमध्ये ठेवला असता तर त्या आजीबाईंना मी पुतळ्यांतून आरपार चालवलं असतं.

चौकांचं काम सगळ्यात किचकट निघालं. फुटपाथ आणि झेब्रा क्रॉसिंग आखून भागत नाही, कोपऱ्यावर त्यांना जोडणारी जागा लागते. ती नसेल तर माणूस एका रस्त्यावर नाहीसा होतो आणि दुसऱ्यावर उगवतो. गोलाईला तर सोळा तोंडं, आणि शिवाय मंदिराकडे, म्हणजे मधल्या गोलाकडे जाणारी वाट. अंदाजावर न सोडता ती क्रॉसिंग मी एकेक करून हातानं टाकली. सगळीकडे पायी चालणाऱ्याला अग्रक्रम दिला तर गोल रस्ता ठप्प झाला. दोन तोंडांमधलं अंतर इतकं कमी की दोन-तीन ऑटो थांबले की मागचं तोंड बंद. एखादी गाडी ५ मिनिटं हलली नाही की प्रोग्राम ती उचलून पुढे ठेवतो, तशा गाड्या पटापट उचलल्या जायला लागल्या. अग्रक्रम काढला तर माणसं कोपऱ्यावर साठत गेली. शेवटी दुपारी पाहिलं होतं तसंच भरलं. कापड लाइनशी बायाबापड्या घोळक्यानं ओलांडतात आणि गाड्या थांबतात, तिथं माणसाला अग्रक्रम. सराफ लाइनकडे एकेकटी माणसं फट बघून जातात, तिथं गाडीला.

मग हातानं घटवलेले गाड्यांचे वेग मूळपदावर आणले आणि मॉडेल चालवलं. रात्र बरीच झाली होती. गोलाई ते हनुमान चौक हा प्रवास, कुठलाही आकडा न दाबता, आम्ही स्कूटरवर घेतलेल्या वेळेच्या अगदी जवळ आला. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पोरगा म्हणाला, "सर, मग आपण एवढे दिवस गाड्याच मोजायलो होतो."

त्याच मॉडेलमध्ये एकेरी मार्ग चालवून पाहिला. गाड्यांच्या दोन रांगा एकाच दिशेनं झाल्या, पण डाव्या रांगेला पायी माणसांमुळे चालीचाच वेग, म्हणून सगळे उजवीकडे घुसायला लागले. फायदा झाला, पण गाड्यांच्या मॉडेलनं दाखवला होता त्याच्या जवळपासही नाही. उलट एकेरी न करता कडेच्या दुचाकी हलवून फुटपाथ मोकळा केला आणि माणसं वर घेतली, तेव्हा गाड्या जास्त सुटल्या.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा, "माणसं घातल्यामुळे गाड्यांचा वेळ वाढलेला दिसतोय, मॉडेल बिघडलं का?" मी म्हटलं, "साहेब, माणसं मी घातली नाहीत. ती तिथं होतीच." मग तक्त्यात नवा रकाना दाखवला, पायी चालणाऱ्याचा वाया गेलेला वेळ. प्रत्येक माणसाचा हा हिशेब सुमो वेगळा काढून देतो, मागितला तर. गाडीतला एक आणि पायी चाललेला एक, दोघांचा मिनिट सारखाच धरा, एवढाच माझा आग्रह होता. थोडी चर्चा झाली. एकेरीचा निर्णय पुढे ढकलला आणि दुचाकींसाठी जागा शोधायला सांगितलं. ती जागा कुठून काढायची यावर अजून वाद चालू आहे.

आम्ही मात्र आता दोन नकाशे ठेवतो. सकाळी दहाच्या आत दुकानं उघडायची असतात, पुतळे आत असतात, आणि तोच फुटपाथ चार-पाच फूट मोकळा असतो. संध्याकाळी तो नसतोच. रस्ता एकच, पण सकाळचं जाळं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. पुढची मोजणी गांधी चौकापर्यंत न्यायची आहे, आणि टेप घेऊन संध्याकाळी सहा ते आठच्या वेळात जायचं आहे.