पक्षाघातानंतर पुन्हा गिळायला शिकताना

मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुला या भागाच्या एका बाजूला रक्तपुरवठा अडला आणि मला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांतली ताकद टिकली, पण गिळणे गेले. आवाज घोगरा झाला, स्वतःची लाळही आत जाईना, आणि अन्नासाठी नाकातून पोटापर्यंत नळी घालावी लागली.

स्पीच थेरपिस्टनी पहिल्यांदा चमचाभर पाणी दिले, तेव्हा ठसका लागला नाही म्हणून घरच्यांना हायसे वाटले. त्या मात्र माझा ओलसर झालेला आवाज ऐकत राहिल्या. घशाची संवेदना बधिर झाली असेल, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, असे सांगून त्यांनी बेरियमची, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव गिळायला देऊन करायची, व्हिडिओ एक्स-रे तपासणी करायला लावली. पडद्यावर मी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही: काळसर द्रव घशाच्या दुबळ्या बाजूच्या खोबणीत साचला, अन्ननलिकेचे तोंड जेमतेम उघडले आणि एक बारीक रेघ श्वासनलिकेत सरकली. मला काहीही जाणवले नव्हते. मग त्यांनी मान दुबळ्या बाजूला पूर्ण वळवून गिळायला सांगितले; ती बाजू दाबली गेली आणि घोट चांगल्या बाजूने बराचसा खाली उतरला.

पुढचे सारे उपचार त्या चित्रावरून ठरले. गिळताना स्वरयंत्र वर चढले की ते काही क्षण तिथेच धरून ठेवायचे, हा व्यायाम सर्वांत कठीण होता. गळ्यावर बोट ठेवल्याशिवाय ते जमते आहे की नाही हे कळतच नसे. पातळ पदार्थ घट्ट करून देणे हा सरसकट उपाय मानला जातो, आणि ते मला पटत नाही. माझ्या घशात दाट पदार्थच जास्त अडकून राहत, शिवाय दाट पाणी नकोसे झाल्याने माणूस पाणी कमी पितो. ज्यांना ते खरोखर लागते, त्यांच्यासाठी दाटपणा मोजावा, अंदाजाने ठरवू नये: ठरलेल्या मापाच्या १० मिलिलिटर सिरिंजमधून द्रव १० सेकंद वाहू दिल्यावर आत किती उरतो, यावरून दाटपणाची पातळी ठरते. तोंडाने काही खात नसतानाही दात आणि जीभ स्वच्छ ठेवण्यावर नर्सचा कटाक्ष असे, कारण लाळेबरोबर फुप्फुसात जातात ते तोंडातलेच जंतू.

माझ्या आजारात सुधारणेला वाव होता. पार्किन्सन्समध्ये औषधाचा असर असताना जेवण्याची वेळ साधावी लागते, तर मोटर न्यूरॉन आजारात, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी क्षीण होत जाणाऱ्या आजारात, स्नायू थकवणारे व्यायाम जपून करावे लागतात आणि पोटातल्या नळीचा निर्णय श्वास क्षीण होण्याआधी घ्यावा लागतो. म्हणून एकाचे व्यायाम दुसऱ्याने उचलू नयेत.

दुसऱ्या तपासणीत श्वासनलिका कोरडी दिसली, तेव्हा नळी निघाली. पाणी पिताना मी अजूनही मान वळवतो आणि तोंडात घास असताना बोलत नाही.