तुम्ही विचारलंत म्हणून : जाफन्याची सहल आणि दिलजमाई

श्रीलंकेच्या सहली नेतो म्हटलं की लोक आधी अशोकवाटिकेची चौकशी करतात. कार्यक्रमात जाफना दिसलं की मात्र ठरलेला प्रश्न येतो : 'जिथे इतकी वर्षं यादवी चालली, तिथे पर्यटक गेल्याने सिंहली आणि तमिळ जवळ येतात का हो?'

येतात, पण पर्यटक काय बघायला आलाय आणि त्याचा पैसा कुणाच्या गल्ल्यात पडतो, त्यावर सगळं आहे.

मे २००९ मध्ये युद्ध संपलं, रस्ता खुला झाला आणि दक्षिणेतून बसा भरभरून सिंहली कुटुंबं उत्तरेला, जाफन्याच्या तमिळ मुलखाकडे निघाली. चांगलंच की! पण बसा थांबायच्या कुठे? किलिनोच्चीला आडव्या पडलेल्या पाण्याच्या टाकीपाशी. एलिफंट पासला, जिथे १९९१ मध्ये लष्कराच्या एका सैनिकाने तमिळ वाघांचा, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, चिलखती बुलडोझर प्राण देऊन थोपवला. पुदुकुडियिरुप्पूच्या रानात वाघांचा म्होरक्या प्रभाकरनच्या बंकरपाशी, २०१३ मध्ये लष्करानेच तो उडवून देईपर्यंत. ती टाकी वाघांनीच माघार घेताना पाडली, हे खरं. पण वाघांची दफनभूमी याच लष्कराने सपाट केली, तिथे पोराच्या नावाने दिवा लावायला आईला जागा उरली नाही, हे त्या बसमध्ये कुणी सांगत नाही. मुक्काम म्हणाल, तर कांकेसंतुराईच्या किनाऱ्यावर लष्कराने चालवलेलं हॉटेल; तेही ज्या पट्ट्यातून तमिळ घरं उठवली त्याच पट्ट्यात. तमिळ माणसाशी गाठ पडलीच तर नारळपाणी घेताना. याला मी विजयाची वरात म्हणतो.

आता दुसरी बाजू. नैनातीवू बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आहे आणि जवळच बौद्धांचं नागदीप विहार. कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून दोघांचेही भाविक एकाच लाँचमध्ये कोंबले जातात. पांढऱ्या साडीतल्या सिंहली आजीबाईंच्या मांडीवर कमळांची टोपली, शेजारी नारळ-केळी घेऊन बसलेलं तमिळ कुटुंब, डिझेलचा वास. लाट आली की आजीबाईंचा आणि त्या कुटुंबातल्या बाईचा हात एकाच दांडीवर. बोलणं फारसं होत नाही, भाषाच येत नाही एकमेकींची. पण उतरल्यावर विहारातून निघालेले कितीतरी सिंहली देवीपुढेही हात जोडताना दिसतात. हे कुठल्या शांतता-योजनेने घडवलेलं नाही. आधीपासून होतं, युद्धाने तोडलं, लाँच सुरू झाल्यावर पुन्हा जुळलं.

जाफन्याच्या सार्वजनिक वाचनालयात मात्र असं आपोआप होत नाही. ३१ मे १९८१ च्या रात्री जमावाने ते पेटवलं, पोलिसही त्यात होते. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि पोथ्या गेल्या. आज इमारत पांढरीशुभ्र आहे, पुढ्यात सरस्वती. कोलंबोच्या एका तरुण जोडप्याने तिथल्या माणसाला विचारलेलं मी ऐकलं : ही जुनीच इमारत का? 'नाही, ती जळली,' एवढंच तो म्हणाला. कुणी जाळली, हे त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. फोटो काढून निघाले.

म्हणून मी मुक्काम ठेवतो तो तमिळ कुटुंबाच्या गेस्टहाउसात. रात्री खेकड्याचा रस्सा वाढताना यजमानीणबाई आपणहून बोलतात, कधी वाघांच्या सक्तीच्या भरतीबद्दल, कधी लष्कराबद्दल. आमच्या मंडळींना 'बरोबर कोण?' याचा निकाल हवा असतो; तो मिळत नाही आणि काहीजण खट्टू होतात. होऊ देत.

आणि एक गल्ली मी हटकून दाखवतो, मुसलमानांची मूर स्ट्रीट. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या मुसलमानांना हाकललं. जाफन्यात मुदत दोन तासांची. परतलेली थोडी कुटुंबं आहेत, बाकी कितीतरी पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमलाच राहिली. दक्षिणेची बस इथे थांबत नाही. तमिळ वाटाड्यालाही इथे थांबायला मला दर वेळी सांगावं लागतं.