खुराक, डाएट आणि माझं पहिलं सेमिस्टर

मी फूड अँड न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. केलंय, पाचसहा वर्षं क्लिनिकमध्ये डायबेटिसवाल्यांना भाकरी किती खायची ते सांगण्यात गेली, आणि २०२४ मध्ये अचानक कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून फोन आला की नवीन एनईपीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, ओपन इलेक्टिव्ह (कुठल्याही शाखेच्या पोरांनी निवडायचा विषय) म्हणून स्पोर्ट्स न्यूट्रिशन ठेवलंय, दोन क्रेडिट, तीस तास, शिकवाल का. सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे. (ते पैसे कधी मिळाले तो वेगळाच विषय आहे, जाऊ दे.) मी हो म्हणाले आणि आठवडाभर बसून मस्त पीपीटी बनवली, मॅक्रोन्यूट्रिएंट्स, एटीपी, ग्लायकोजेन, सगळं रंगीत.

पहिल्या तासाला साठएक पोरं. बीए, बीकॉम, बीएस्सी सगळी मिक्स, त्यात निम्मी खेळाडू, कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स, आणि उरलेली बहुतेक दुसरा विषय फुल झाला म्हणून इकडे आलेली. चौथ्या स्लाइडलाच मागच्या बाकावरचा एक पैलवान उठला, "मॅडम, ते डाएट नको, खुराक सांगा."

मला आधी हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की प्रॉब्लेम इथंच आहे. यांच्या डोक्यात डाएट म्हणजे वजन कमी करायचं, उपाशी राहायचं, मुलींचं काहीतरी. आणि खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण, जेवढं जास्त तेवढं भारी. मधलं काही नाहीच. किती, कधी, कशासाठी हे कुणी विचारतच नाही, वस्ताद सांगतील तेवढं. पीपीटी त्या दिवशी बंद केली ती परत फारशी उघडली नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगटचं झालं. ५० किलो गट, पहिल्या दिवशी वजन बसलं, तीन कुस्त्या जिंकली, आणि फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद. वर्ग नुसता पेटलेला. मी शिकवायचं सोडून पोरांनाच बोलू दिलं, तुम्ही वजन कसं तोडता सांगा, तर जॅकेट घालून पळणं, पाणी बंद, थुंकून थुंकून वजन काढणं, असलं काय काय निघालं. मग फळ्यावर हिशोब मांडला की हे जे एका दिवसात जातं ती चरबी नसते, ते पाणी आणि ग्लायकोजेन (स्नायू-लिव्हरमधला साखरेचा साठा) असतं, आणि खाल्लं-प्यायलं की ते परत येणारच, शरीर काय वजनकाट्याचं ऐकत नाही.

दुसरा मोठा प्रयोग मात्र माझ्या अंगाशी आला. घरचा बाथरूममधला वजनकाटा उचलून नेला, कबड्डीच्या पोरांना प्रॅक्टिसआधी आणि नंतर वजन करायला लावलं, घाम पुसून, ओले कपडे काढून. आयडिया अशी की वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की खेळ घसरायला लागतो, ते त्यांनी डोळ्यांनी बघावं. ६८ किलोचा एक जण पाण्याला शिवलाच नव्हता, त्याचं १.४ किलो कमी, एकदम परफेक्ट, मी खूश. पुढचा ६२.४ चा पोरगा दीड तास खेळून ६२.६! सगळं ग्राउंड हसायला लागलं, "मॅडम, ह्याला कबड्डी मानवली!" माझा चेहरा पडला. मग आठवलं की मध्ये प्यायलेलं पाणी मी धरलंच नाही, त्यानं दीड लिटर ढोसलं होतं, म्हणजे खरा घाम १.३ लिटर. पुढच्या वेळेपासून प्रत्येकाची बाटली मार्कर पेनानं खुणा करून. आणि गेलेल्या दर किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, सोबत मीठ पोटात जाईल असं काहीतरी, हे त्या दिवसानंतर कुणाला पाठ करायला सांगावं लागलं नाही.

प्रोटीनवर तर तीन तास गेले. साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम (आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२० चा आकडा), खेळाडूला साधारण १.२ ते २. ६० किलोच्या पोराला १.६ नं ९६ ग्रॅम. पोरं म्हणाली, पावडरशिवाय होणारच नाही. मग मेसचं ताट मांडलं: दोन वेळच्या चपात्या, भात आणि ती पाण्यासारखी आमटी धरून ४० च्या वर, सकाळचे पोहे ५, दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, मूठभर शेंगदाणे ७-८, ५० ग्रॅम फुटाणे १०. नव्वदीच्या पुढं गेलं की! पावडर वाईट असं मी म्हणत नाही, पण एकानं जी आणून दाखवली ती प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली पांढरी भुकटी होती, लेबल नाही, काही नाही, जिमवाल्यानं दिलेली. त्यात काय आहे ते देवालाच ठाऊक, आणि उद्या डोप टेस्टमध्ये काही सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका नसते, अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. हे सांगितल्यावर वर्ग पहिल्यांदा गप्प बसला.

एक गोष्ट मात्र क्लिनिकमध्ये इतकी वर्षं काढून पण मला जड गेली. चोवीस तासांत काय खाल्लं ते लिहून आणा म्हटलं होतं, एका लांब पल्ल्याच्या धावपटू मुलीच्या कागदावर पहाटेच्या रनिंगआधी नुसता चहा, दुपारी दोन चपात्या, रात्री थोडा भात. तासानंतर थांबली, हळूच म्हणाली, चार महिने पाळी नाही, पण मॅम, लोड वाढला की होतंच ना असं? नाही गं, होत नाही. याला रेड-एस म्हणतात, खर्चापुरतं अन्नच पोटात जात नाही तेव्हा शरीर एकेक खातं बंद करत जातं, पाळी आधी, हाडांचं नंतर कळतं. तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं, आणि पहाटे निघताना केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू एवढंच बदलायला सांगितलं. तिचं जास्त लिहीत नाही.

युनिव्हर्सिटीचा पेपर शेवटी "व्हिटॅमिनचे प्रकार लिहा" असलाच आला, पण इंटर्नल माझ्या हातात होतं. स्वतःच्या खेळाचा एक दिवसाचा प्लॅन, हिशोबासकट, २० मार्क. तो पहिल्या दिवशीचा पैलवान कागदाबरोबर स्टीलच्या तांब्यात थंडाईच घेऊन आला, बदाम किती ग्रॅम, खसखस, दूध, सगळ्याचं प्रोटीन आणि कॅलरी लिहिलेली, अक्षर भयंकर पण बेरीज बरोबर. मी अर्धा ग्लास प्यायले आणि १८ दिले. दोन का कापले म्हणून विचारायला आला, तर म्हटलं साखर धरलीच नाहीस.

"मॅडम, साखर वस्ताद बी धरत नाहीत."