जन्मतारीख जुळत नाही

एक जून ही माझी जन्मतारीख नाही. हे वाक्य यंदाच्या जून-जुलैत मी इतक्या टेबलांसमोर म्हटलंय की परवा पोस्टात बाईंनी नुसतं "नाव?" विचारलं तरी तोंडात तेच आलं.

मी बास्केटबॉल खेळायचो. आधी शाळेतून, मग शिक्षणासाठी घाटावरच्या एका शहरात, पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तर त्या कंपनीच्या संघातून. २०१६ साली डावा गुडघा बोलायला लागला तेव्हा थांबलो आणि नोकरी सोडून रत्नागिरीला घरी आलो. कलमं आहेत, ती बघतो. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांना शिकवत होतो, म्हणजे बॉल हातात होता, पण खेळाडू म्हणून संपलो होतो. गेल्या दिवाळीत जुन्या सवंगड्याचा फोन आला. थ्री बाय थ्रीची, म्हणजे अर्ध्या कोर्टवर तिघांविरुद्ध तिघे खेळतात त्या बास्केटबॉलची व्यावसायिक लीग, निवडचाचण्या खुल्या, संघात बदली धरून चार जण. तीन तरुण पोरं त्याच्याकडे होती, चौथा डोकं चालवणारा हवा होता. "पाय आमचे, डोकं तुझं," म्हणाला. मी हो म्हणून बसलो.

तयारीबद्दल सगळे विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूत धावलो. वरच्या सुक्या वाळूत पळू नका, गुडघ्याचं वाटोळं होतं. आठ किलो उतरलो. पाऊस लागला तसं शाळेच्या कोर्टवर शेवाळ धरलं, मग एका गोदामाच्या पडवीत नुसतं ड्रिब्लिंग. अर्धं कोर्ट म्हणजे निम्मं पळणं असं मला वाटलं होतं, तो भ्रम पहिल्या आठवड्यात गेला. दहा मिनिटांचा किंवा एकवीस गुणांचा सामना, बारा सेकंदांत शॉट मारायचा, आणि बास्केट झाली की रेफरी बॉल हातात घेत नाही, समोरचा तो रिंगखालून उचलतो आणि खेळ चालूच. पाच जणांच्या खेळात आपण रिंग सोडून मागे पळताना जी उसंत मिळते ती इथे नाही. असो. शरीराने मला अडवलं नाही. अडवलं ते एका रकान्याने.

लीगला बास्केटबॉल महासंघाच्या यादीतला चालू खेळाडू लागतो. माझी नोंद होती, पण जुनी, कागदी वहीच्या काळातली. आता सगळं ऑनलाइन. फॉर्म भरला, आधार क्रमांक टाकला, फोटो चढवला, सबमिट दाबलं, आणि लाल अक्षरांत आलं: जन्मतारीख जुळत नाही.

एक जून का, हे माझ्या वयाच्या गावाकडच्या माणसाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घ्यायला वय बसलं पाहिजे, आईबापांना तारीख नीट सांगता यायची नाही. मास्तर लिहायचे १ जून. आमच्या वर्गात एक जूनवाले अकरा जण होतो. दहावीचं सर्टिफिकेट, पॅन, आधार, सगळीकडे माझी तीच तारीख, १ जून १९८३. पण तेरा वर्षांचा असताना पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर खेळायला गेलो तेव्हा आमच्या सरांनी शाळेचा दाखला चालणार नाही, जन्माचाच हवा असं सांगितलं होतं. बाबांनी तो माझ्या आजोळहून आणला. त्यावर १५ नोव्हेंबर १९८३. खरी तारीख तीच. आणि जन्माची नोंद सोडली तर माझ्या आयुष्यात ती फक्त एकाच ठिकाणी नोंदली गेली, खेळाच्या वहीत.

ही नोंद बघणाऱ्या कचेरीचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला पहाटेची एसटी पकडून, घाट चढून साडेअकराला पोचलो. टेबलामागच्या गृहस्थांनी ओल्या स्पंजावर बोट टेकवून माझे कागद मोजले आणि विचारलं,

"मुलगा कुठाय?"

"कुठला मुलगा?"

"खेळाडू. खेळाडूने स्वतः हजर राहायचं असतं, पालक चालत नाहीत."

"मीच खेळाडू."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वही मागवली. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "साडेपाच महिन्यांनी लहान दाखवलंय तुम्ही. तेव्हा सगळेच चोरायचे वय."

बेचाळीसाव्या वर्षी, तेराव्या वर्षीच्या वयचोरीचा आळ! माणसं वय लपवतात ती लहान गटात खेळायला. मला खेळायचं होतं खुल्या गटात, जिथे वयाला वरची मर्यादाच नाही. हे मी सांगितलं. शांतपणे सांगितलं असं म्हणायला आवडलं असतं, पण आवाज चढला. तो चढवू नका. त्यानंतर माझा कागद ढिगाच्या तळाशी जात होता, हा योगायोग मला पटत नाही.

ते म्हणाले, आधारवरची तारीख बदलून आणा, म्हणजे जुळेल. हे अजिबात करू नका. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, आणि ती बदलली की पॅन, दहावी, भविष्यनिर्वाह निधी सगळं बोंबलतं. एक लाल ओळ घालवायला चार नव्या. नाही म्हटलं. मग ते म्हणाले राजपत्रात छापून आणा. जन्मतारखेतला बदल राजपत्रात छापता येतो, हे खरं आहे. पण मला कुठे बदल करायचा होता? शेवटी ठरलं: जन्माचा मूळ दाखला आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र. बाबांनी तेव्हा दिलेली प्रत त्यांच्याच फायलीत असायला हवी होती. "ती फाईल सापडत नाही," म्हणाले, जणू मीच घरी नेली होती.

मधेच आठवलं म्हणून सांगतो: याच सुमारास वैद्यकीय दाखला झाला, तो एका दिवसात. टीएमटीला, म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या हृदयाच्या चाचणीला, बूट घालून जा. मी चपला घालून गेलो आणि अनवाणी चढण चढलो. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग आणि चढ वाढवतो. २२० वजा वय, त्याचे पंच्याऐंशी टक्के, एवढे ठोके गाठायचे. डॉक्टरांनी आधार बघून ४२ धरलं, खऱ्या तारखेने ४१ च होतो, म्हणजे माझं आकडेमोडीतलं एक वर्ष तिथेही गेलं. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर तिच्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाचा. लघवी वाढवणारं औषध त्यात मिसळलेलं असेल तर ते डोपिंगच्या यादीत येतं. माझ्या गोळीत होतं, डॉक्टरांनी बदलून दिली. आणि गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला कोणी सुचवलं तर आधी विचारा. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे.

तर दाखला. आजोळ गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. चिपळूणवरून जायचं तर अर्धा दिवस जातो, म्हणून जयगडला जाऊन फेरीबोटीवर मोटरसायकल चढवली. पाऊस आडवा. शास्त्री नदीचं पाणी गढूळ, लाल. बोटीच्या कठड्याला टेकून कागदांची पिशवी रेनकोटच्या आत छातीशी धरली होती, आणि तवसाळचा धक्का दिसायला लागला तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही तारखा १९८३ च्याच आहेत! बास्केटबॉलमधला वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतो, अमुक सालच्या एक जानेवारीला किंवा नंतर जन्मलेले. जून काय नि नोव्हेंबर काय, माझा गट बदलतच नव्हता. म्हणजे चोरून मला काहीही मिळालं नसतं. हे मला पहिल्या दिवशी टेबलासमोर सुचायला हवं होतं. सुचलं भर खाडीत.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) जागेवर होते, हे माझं नशीब. आठवड्यातले ठरावीक दिवस असतात, फोन करून जा. १९८३ ची वही काढली. कोपरे वाळवीने खाल्लेले, शाई तपकिरी. माझ्या नावाने शोधत बसलो, सापडेना. सापडणार कसं? बारशाच्या आधीच नोंद झालेली. वडिलांच्या नावाने शोधा, हा सल्ला वहीच्या शेवटाकडे आल्यावर मिळाला. मग दिसलं: १५ नोव्हेंबर, पुरुष, वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. त्या रेघेकडे मी जरा वेळ बघत राहिलो. मी आहे तो एवढाच.

बिननावाचा दाखला घेऊन मामांकडे जेवायला गेलो. मामांना सगळं सांगितलं. ते भात कालवत म्हणाले, "मास्तरांनी घातलानी एक जून, मग आपण काय करणार? तुझ्या आवशीला विचार, ती सांगेल, कार्तिकातला तू." कार्तिकातला आहे असं त्या टेबलावर सांगून बघायला हवं होतं.

प्रतिज्ञापत्र रत्नागिरीत केलं. शंभराचा स्टँप डोक्यात धरून गेलो होतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशे झालेत, तेव्हा खिशात तसे ठेवा. मजकुराला वकील लोक 'वन अँड सेम'चं अ‍ॅफिडेव्हिट म्हणतात: या तारखेची व्यक्ती आणि त्या तारखेची व्यक्ती एकच, ती मी.

दुसरी खेप. गृहस्थांनी दाखला वाचला. "यावर तुमचं नाव नाही." "बारसं व्हायचं होतं." "मग हे तुम्हीच कशावरून?" प्रतिज्ञापत्र पुढे केलं. वडिलांचं नाव जुळत होतं, आईचं जुळत होतं. कॅलेंडर वर्षाचा मुद्दा मांडला. त्यांनी तो नीट ऐकला, मान डोलावली, आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण सिस्टीम घेत नाही. वर विचारून कळवतो."

अकरा दिवस कळवलं नाही. चाचणी पंधरवड्यावर. फोन केला की "साहेब जेवायला गेलेत", कधी साडेबाराला, कधी साडेतीनला. त्या दिवसांत मी घरात कोणाशी धड बोललो नाही. मायकल जॉर्डन १९९५ च्या मार्चमध्ये निवृत्तीतून परत आला तेव्हा त्याने दोन शब्दांचा फॅक्स पाठवला होता, मी परत आलोय, बस. २००१ ला पुन्हा आला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याचा एक जून कुठे अडला नव्हता. आई म्हणाली, त्याला मास्तर चांगले भेटले असतील.

तिसऱ्या खेपेला गृहस्थ रजेवर. त्यांच्या जागी विशी-बाविशीचा एक मुलगा, कानात एका बाजूला इअरफोन. मी पिशवी उघडली तर म्हणाला, "सर, तुम्ही नवीन नोंदणी कशाला करताय? तुमची नोंद आहे ना. दुरुस्तीत जा." स्क्रीन माझ्याकडे वळवली. नवीन नोंदणीच्या खाली, पान आणखी खाली ओढलं की, 'विद्यमान खेळाडू: माहिती दुरुस्ती'. जुना क्रमांक टाकला, आधार चढवलं, जन्मतारीख एक जून केली. चार मिनिटं. दाखला, प्रतिज्ञापत्र, काही लागलं नाही. म्हणजे माझी खरी तारीख जिथे एकट्या ठिकाणी होती, तिथूनही ती मी स्वतःच्या हाताने पुसली. तेव्हा हे लक्षात आलं नाही, तेव्हा फक्त त्या पोराला चहा पाजावासा वाटला. पाजला. तर पान शेवटपर्यंत खाली ओढा, हा या सगळ्या प्रकरणातला एकच कामाचा सल्ला, आणि तो मी इतक्या खाली लिहितोय.

चाचणी झाली. तरुण पोरांसमोर मी एकदाही उडी जिंकलो नाही, पण आतल्या पोराला पाठीवर घेऊन बाहेर पास देणं नऊ वर्षांत विसरलो नव्हतो. घेतलं. हंगामाचा करार, पैसे कलमांच्या दोन पेट्यांच्या हिशेबातले म्हणा, पण सहीखाली 'खेळाडू' असं छापलेलं होतं आणि ते मी दोनदा वाचलं. पहिल्या सामन्यात चार मिनिटं मिळाली, कमानीबाहेरून एक पडला, त्याचे दोन गुण. रात्री गुडघ्यावर बर्फ ठेवून बसलो होतो तेव्हा ओळखपत्र गळ्यातून काढताना सहज बघितलं. जन्मतारीख ०६/०१/१९८३. दिवस आणि महिना उलटे. कोणाला काही बोललो नाही.

हां, राहिलंच. जयगड-तवसाळ बोटीने जाणार असाल तर परतीची शेवटची फेरी आधी विचारून घ्या. मी मामांकडे जेवत बसलो आणि ती चुकली. रात्र तिथेच काढली, सकाळी मामांनी डब्यात घावणे दिले.