भिंगरी आणि मे महिन्यातली ती रात्र

“मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ!” सासूबाई रोज सकाळी सोफ्याखाली वाकून अशी हाक मारतात आणि भिंगरी खरंच तोंड दाखवते. भिंगरी मुंगूस नाही, फेरेट आहे, पाणमांजराच्या कुळातली. हिच्या पूर्वजांना युरोपात दोन हजार वर्षांपासून सशांच्या बिळात सोडायला पाळत आले. आमच्या नेरूळच्या घरात ससे नाहीत, म्हणून ही उशीच्या खोळीत नाहीतर वॉशिंग मशीनमागे शिरते.

दिवसातले चौदा-पंधरा तास झोप. खाणं फक्त मांस, तेही दर तीन-चार तासांनी, कारण आतडं आखूड. सासूबाई माळकरी, त्यामुळे तिचा डबा, सुरी सगळं ड्राय बाल्कनीत वेगळं. यावरून घरात कधी वाद झाला नाही. खरी काळजी उन्हाळ्याची. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर पारा गेला की फेरेटला त्रास सुरू होतो, आणि नवी मुंबईत तर रात्रीसुद्धा तेवढं असतंच.

गेल्या मे महिन्यात रात्री अकराला लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा लावला आणि निर्धास्त झाले. ते चुकलं. फेरेटला आपल्यासारखा घाम येत नाही, पंख्याची गरम हवा तिच्या काय कामाची? साडेबाराला टॉर्च मारला तर भिंगरी फरशीवर पसरलेली, तोंड उघडं, नाक लालबुंद. उचललं तर अंग सैल.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बर्फाचं पाणी अजिबात नको; साध्या पाण्याने पंजे आणि पोट ओलं करत राहा, आणि लगेच घेऊन या. यांनी गाडी काढली, एसी लावला. मागच्या सीटवर सासूबाईंनी तिला ओल्या पंचात मांडीवर घेतलं. मांसाच्या डब्याला कधी हात न लावणाऱ्या त्या, वाटीतलं पाणी बोटांनी तिच्या पंजांना लावत होत्या, तोंडाने विठ्ठल विठ्ठल. सानपाड्याच्या आसपास तिने मान उचलली. दवाखान्यात सलाइन लागलं, पहाटे घरी आलो.

फेरेट घ्यायचंय म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारते, लाइट गेल्यावर एसी कशावर चालवणार? आम्ही मोठा इन्व्हर्टर बसवला, बेडरूमच्या एसीपुरता. शिवाय मार्चपासून फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतात. त्या फडक्यात गुंडाळून तिच्या झोळीशेजारी ठेवायचं काम सासूबाईंचं. दुपारी दोनला त्या स्वतः उठून बदलतात.