ऑपरेशन संपलं तरी सांधा अजून बदलतोय

माझ्या जबड्याच्या ऑपरेशनला परवा दहा महिने झाले. सूज कधीच उतरली, खालच्या ओठाचा बधिरपणा बराच गेला, तोंडात उभी तीन बोटं आरामात जातात. पण कानाच्या पुढे जो छोटा सांधा आहे ना, त्याच्याबद्दल ऑपरेशनच्या आधी मी एकही प्रश्न विचारला नव्हता आणि नंतर सगळ्यात जास्त विचार त्याचाच केला, म्हणून लिहितेय.

माझा खालचा जबडा मागे होता तो पुढे घेतला. यात हाड आडवं कापत नाहीत, दोन्ही बाजूंना उभं, आतला आणि बाहेरचा पदर वेगळा होईल असं चिरतात. दातांचा तुकडा पुढे सरकतो आणि मागचा तुकडा सांध्याच्या गोळ्यासकट, म्हणजे कॉन्डाइलसकट, जागेवरच राहतो. निदान मला असंच वाटलं होतं. खरं तर भूल दिल्यावर स्नायू सैल पडलेले असतात, सर्जन हाताने कॉन्डाइल खोबणीत बसवून मग प्लेट आणि स्क्रू लावतात, त्यात तो थोडासा कलतो किंवा फिरतो. शिवाय पुढे ओढलेल्या जबड्याला आजूबाजूचे स्नायू आणि कातडी मागे खेचत असतात, त्यामुळे सांध्यावर येणारा भार पण बदलतो.

आणि मग सांधा स्वतःला त्या नव्या भाराप्रमाणे घडवायला लागतो, मला हे फार विलक्षण वाटतं. गुडघ्यात वगैरे असते तशी कूर्चा इथे नसते, इथली जास्त चिवट तंतुमय असते आणि मोठेपणीही जुळवून घ्यायची ताकद तिच्यात असते. एका बाजूने हाड थोडं विरघळतं, दुसरीकडे नवीन बसतं, बहुतेक बदल पहिल्या वर्षभरात होतात, आणि आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही.

चौथ्या महिन्यात मात्र माझ्या उजव्या बाजूला टक टक आवाज यायला लागला आणि मी पार घाबरले, कारण तोपर्यंत काही जणांचा कॉन्डाइल झिजून जबडा परत मागे गेल्याचं वाचलं होतं. रात्री आरशासमोर उभं राहून पुढचे दात मिटतायत का ते बघायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा उठायचं. सर्जनने शांतपणे समजावलं की आवाज बहुतेक वेळा सांध्यातल्या चकतीचा असतो, नुसत्या आवाजावरून झीज ठरत नाही, दात कसे मिटतात ते बघायचं. झीज खरंच होत असेल तर कॉन्डाइलची उंची कमी होते, हनुवटी मागे जाते, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये फट पडायला लागते, आणि हे अजिबात न दुखताही होऊ शकतं! म्हणून दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका. तरुण मुली, खालचा जबडा बराच मागे असलेले, चेहऱ्याची ठेवण उभी असलेले आणि ज्यांचा सांधा आधीपासून कुरकुरतोय, यांना धोका जास्त.

माझ्या स्कॅनमध्ये उजवा कॉन्डाइल वरून जरासा चपटा दिसला, पण त्याची कडा अखंड आणि गुळगुळीत होती, दातांची ठेवणही हललेली नव्हती. जुन्या स्कॅनवर नवा ठेवून त्यांनी मला फरक दाखवला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. हे माझं हाड नव्या जागेशी जुळवून घेत होतं, झिजत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी दात मिटून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढते, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. पुढचा स्कॅन वर्ष पूर्ण झाल्यावर. तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच्या स्कॅनमध्ये दोन्ही कॉन्डाइल पूर्ण आलेत का ते नक्की विचारा आणि ती फाईल स्वतःजवळ ठेवा, नाहीतर नंतरचा स्कॅन कशाशी ताडून बघणार?