निशाणी डावा अंगठा

मी भूकरमापक आहे. शेताची हद्द मोजून द्यायची, हे माझं 14 वर्षांचं काम. त्यातला सातारच्या दुष्काळी पट्ट्यातला एक दिवस मला लिहून ठेवायचा आहे.

मार्च महिना. शाळू निघालेला, रानं मोकळी. दोन चुलत घरांत बांधाचा वाद होता. अर्जदार पुण्यात नोकरी करणारे, पदवीधर. लगतदार, म्हणजे शेजारच्या रानाचे मालक, गावातच राहिलेले आबा, वय ऐंशीच्या आसपास. हजेरीच्या वेळी आबांनी अंगठा पुढे केला आणि मी नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘निशाणी डावा अंगठा’. शाई लावताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघितल्याचंही मला आठवत नाही.

मोजणीचं थोडं सांगायला हवं. पूर्वी 33 फुटी साखळी होती, 16 आण्यांची, म्हणजे 16 सारख्या भागांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. मग प्लेन टेबल आलं, रानातच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा. आता रोव्हर आहे, उपग्रहावरून जागा सेंटिमीटरच्या हिशेबात मिळते. पण रोव्हर सांगतो तो बिंदू आज कुठे आहे एवढंच. जुनी हद्द कुठून जात होती हे त्याच्या पोटात नसतं. ते टिपणात असतं, म्हणजे पहिल्या मोजणीच्या कच्च्या आराखड्यात, आणि रानात शिल्लक राहिलेल्या खुणांत. दोन्हींची जुळवणी आम्ही करायची. खूण खोटी निघाली की पुढचं सगळं अचूक असूनही खोटं.

त्या दिवशी मी जुन्या हद्दीच्या खुणा म्हणून दोन दगड धरले. एक रस्त्याकडेचा, एक ओढ्याकाठच्या बाभळीखालचा. तिसरा पडताळा विहिरीवरून घ्यायला हवा होता. विहीर ओढ्यापलीकडे, ऊन मी म्हणत होतं, दुसऱ्या दिवशी आणखी एका गावची मोजणी लागलेली. मी तो सोडला.

चार वाजता चुन्याची रेघ पडली. रस्त्याच्या बाजूला ती बांधावरच होती, पण ओढ्याकडे सरकत सरकत अर्जदारांच्या रानात 12 फूट आत गेली. बांधाची लांबी 540 फूट. म्हणजे तीन गुंठ्यांच्या आसपास जमीन आबांकडे जात होती. अर्जदारांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “साहेब, परत एकदा बघा ना.” मी म्हणालो, “हरकत असेल तर निमताना मोजणी मागा, वरचे अधिकारी फेरमोजणी करतील.” आणि सामान आवरायला घेतलं.

आबा बाभळीखाली उकिडवे बसले होते. खुरप्याने दगडाच्या बुडाची माती काढत होते.

“साहेब, जरा हिकडं या. ह्यो दगुड हितला न्हाय.”

मला राग आला, हे खरं. रेघ त्यांच्या फायद्याची पडली होती आणि हा माणूस काम वाढवत होता. “आबा, हे मशीन आहे. बोटभराचीसुद्धा चूक होत नाही.”

“मशीनला तुमीच सांगितलं न्हवं का, ह्यो दगुड खरा म्हनून?”

मला उत्तर सुचेना. त्यांनी दगडाच्या गाडलेल्या भागावर बोट ठेवलं. वीतभर खाली, मातीत होता त्या अंगाला, पांढुरके करडे डाग होते, खपलीसारखे चिकटलेले. नखाने खरवडलं तर भुगा निघाला.

“हे दगडफुलावानी हाय. उघड्यावर, उजेडात धरतं. मातीत कसं धरंल? ह्यो दगुड लई वरसं आडवा पडला आसनार. मागनं कुनी तरी उभा केलाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “भात्तरच्या दुष्काळात हितं बांधाची ताल घातली तवा दगुड निघालं आसतील. पर मला तसं वाटतंय. मानसाची याद बी खोटी आसती. तुमी हिरीवरनं बघा.”

पडताळा दुसऱ्या बाजूने घ्यावा, आपल्या सोयीच्या खुणेवर जास्त संशय घ्यावा, हे मला पदविकेच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि त्याचे गुण मिळवले होते. समोर बसलेल्या माणसाला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी पुरावा बघणं, त्यातून अंदाज काढणं, त्या अंदाजावरही शंका ठेवणं आणि हे सगळं स्वतःचे तीन गुंठे जात असताना करणं, हे तो करत होता. शिकलेला माणूस कोणाला म्हणायचं, याबद्दल माझी आजवरची समजूत त्या बाभळीखाली मोडली.

रोव्हर खांद्यावर टाकून ओढा ओलांडला. विहिरीचं बांधकाम नवं होतं, पण मोटेचं जुनं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचा दगडी हौद, जागेवर होतं. टिपणात विहिरीपासून बांधाच्या कोपऱ्यापर्यंत 7 साखळ्या 4 आणे लिहिलेले, म्हणजे 239 फुटांना थोडं वर. बाभळीखालच्या दगडापर्यंत भरले 251. तेच 12 फूट.

अंधार पडायच्या आत रेघ पुसून नवी मारली. ती जवळजवळ जुन्या बांधावरूनच गेली. अर्जदारांनी आबांच्या पायाला हात लावला. आबांनी त्यांना काही बोलू दिलं नाही, “चा घेऊन जावा घरी,” एवढंच म्हणाले.

जबाब मी बॅटरीच्या उजेडात लिहिला आणि वाचून दाखवला. ‘सदर दगड कोणीतरी मुद्दाम हलविलेला आहे’ या वाक्याशी आबांनी हात वर केला.

“मुद्दाम कशावरनं? म्या बघितलं न्हाय. हलल्यावानी दिसतोय, एवढंच लिवा.”

मी ते वाक्य खोडलं, बाजूला सही केली, नवं वाक्य लिहिलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा पुढे केला. या वेळी शाई लावताना मी तो हात नीट धरला. अंगठ्याच्या रेषा कामाने इतक्या झिजल्या होत्या की ठसा धड उमटेना. तीनदा घ्यावा लागला.